सोलकढी फुटते कुठे?

सोलकढी बिघडली की दोष कोकमाला दिला जातो. बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते नारळाचं दूध.

एका मध्यम ओल्या नारळाचं खोबरं खवा, पाठीचा काळा भाग येऊ न देता. नाहीतर रंग मळकट येतो. लसणीच्या तीन-चार पाकळ्या, एक हिरवी मिरची, अर्धा चमचा जिरं आणि दीड वाटी पाणी घालून वाटा. पाणी कोमटच हवं, गार पाण्यात खोबऱ्याची स्निग्धता नीट सुटत नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर वाटण तापतं आणि तुपकट कण वेगळे होतात. फडक्यातून घट्ट पिळा. चोथ्यात आणखी दीड वाटी कोमट पाणी घालून दुसरं दूध काढा, दोन्ही एकत्र करा आणि पूर्ण गार होऊ द्या.

आता आगळ, म्हणजे मीठ लावलेल्या रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालींना सुटलेला रस. तो चांगलाच खारट असतो, म्हणून वेगळं मीठ शेवटी, चव बघूनच. आगळ नसेल तर दहा-बारा आमसुलं पाऊण वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, गाळा. सरबताचा गोड अर्क चालत नाही.

दूध ढवळत आगळ चमच्याचमच्याने घाला, साधारण तीन-चार मोठे चमचे. कोकमाचा रंग आंबटात लाल राहतो, आंबटपणा कमी पडला की जांभळट-करडा होतो. म्हणजे गुलाबी रंग हाच आंबटाचा अंदाज. हॉटेलात बीट घालून तो आणतात, त्याला काही अर्थ नाही. उलट आगळ जास्त झालं की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि कढी फुटते. उष्णतेने तर लगेच. म्हणून नाव कढी असलं तरी गॅसवर ठेवायची नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. ॲल्युमिनियम, बिनकल्हईचं पितळ नको.

कोकमाची ओळख जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात 1563 साली छापलेल्या ग्रंथात या आंबट, आतून लाल फळाची नोंद केली आहे. व्हिनेगरसाठी त्याच्या साली पोर्तुगालला जात. मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबरच इकडे आली, तेव्हा आजची तिखटसर सोलकढी त्यानंतरचीच. नारळ न घालता केलेली ती तिवळ. मला जड जेवणावर तीच बरी वाटते.

फ्रिजमध्ये वर पांढरा थर धरतो. ती गोठलेली स्निग्धता, फुटलेली कढी नव्हे. थोडा वेळ बाहेर ठेवून ढवळा, तापवू नका. तीन-चार तासांत संपवा, पुढे कच्ची लसूण उग्र होते. परदेशात डब्यातलं दूध वापरणार असाल तर दीडपट पाणी घाला आणि घटक वाचून घ्या: गवार डिंक असला तर कढी सहसा फुटत नाही, पण जिभेला बुळबुळीत लागते.