मीठ मागितलं, मूठ दाखवली

जुलैमधली गोष्ट. तीन दिवस पावसाची झड लागली होती. दहाची वेळ दिलेली, पण आजी आणि नात साडेअकराला थेरपीच्या खोलीत शिरल्या. राजापूरकडून एसटीने आल्या होत्या. आजींनी छत्री कोपऱ्यात टेकवली आणि बसता बसताच म्हणाल्या, "बाई, ही हल्ली उलट वागायला लागली. मीठ दे म्हटलं तर मूठ वळून दाखवते."

नातीला इथे चिमी म्हणते. वय सहा. जन्मतः दोन्ही कानांनी बहिरी. तीन वर्षांची व्हायच्या आधी, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून तिच्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं, म्हणजे आवाज थेट ऐकण्याच्या नसेला पोचवणारं यंत्र; त्याचं माइकवालं मशीन बाहेर कानावर लावायचं. तेव्हापासून ती माझ्याकडे स्पीच थेरपीला येते. 'आ' आणि 'म'पासून सुरुवात केलेली ही मुलगी मे महिन्यात मला वाडीतल्या लग्नाची अख्खी हकीकत सांगून गेली होती. नवरदेवाच्या चपला कुणी लपवल्या इथपर्यंत. आणि आता पहिलीच्या वर्गातून निरोप आला होता की ती मुद्दाम बोबडं बोलते.

मी विचारलं, "कशाने आलात?"

"एटीने."

"बाहेर काय पडतोय?"

"पाऊ."

आवाजही चढलेला. शेजारी बसलेल्या माणसाशी अंगणातून हाक मारल्यासारखी बोलत होती.

'मुद्दाम' हा शब्द या कामात मला फार छळतो. बोलणं तोंडाने होतं खरं, पण त्याची राखण कान करतात. आपण बोलतो ते आपल्यालाच ऐकू येतं आणि जीभ क्षणोक्षणी सुधारत राहते. इम्प्लांट लावलेल्या मोठ्या माणसांचं मशीन थोडा वेळ बंद ठेवलं तरी आवाजाची उंची, जोर आणि स्वरांचे उच्चार हलू लागतात. चिमी तर भाषा शिकलीच या मशीनमधून. ज्या मुलाचा एखादा वर्ण नीट जमलेला असतो आणि मग गळतो, त्याच्या जिभेकडे मी नंतर बघते. आधी मशीन.

आम्ही रोज वापरतो ती परीक्षा साधी आहे: आ, ऊ, ई, म, श, स. डॅनियल लिंग यांनी हे सहा आवाज निवडले, कारण बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सगळे आवाज त्यांत येतात. 'म' अगदी खाली, २५० हर्ट्झच्या आसपास. 'स' पार वर, ४००० हर्ट्झच्याही पुढे. चिमीच्या हातात मण्यांची वाटी दिली. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा आणि ऐकलं ते म्हणून दाखवायचं. मी भरतकामाच्या रिंगणावर ताणलेलं पातळ कापड तोंडापुढे धरलं. हाताने तोंड झाकलं तर आवाजच बदलतो, आणि ओठ दिसले तर मूल ते वाचतं.

आ: मणी पडला. म: पडला. ऊ: पडला. ई म्हटल्यावर मणी पडला, पण ती म्हणाली, "ऊ." पुन्हा ई. पुन्हा "ऊ." श तीनदा म्हटला तेव्हा एकदा पडला. स ला ती माझ्याकडे बघत राहिली, मणी बोटांत, माझी सुरुवात व्हायची वाट बघत.

मीठ आणि मूठ तिथेच उलगडलं. ई आणि ऊ यांचा खालचा भाग जवळजवळ सारखा असतो. त्यांना वेगळं करतो तो वरचा भाग, २००० हर्ट्झच्या पलीकडचा. तो गेला की मीठ म्हणजे मूठच. समोरून बोललं असतं तर तिने ओठांवरून ओळखलं असतं, ई ला ओठ फाकतात, ऊ ला चंबू होतो. पण आजी चुलीकडे तोंड करून मीठ मागत होत्या. पोरीने ऐकलं ते नेमकं केलं होतं.

खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या पोटात गोळा आला. इम्प्लांटची नसेला संकेत देणारी टोकं म्हणजे इलेक्ट्रोड. उंच आवाज पोचवणारे इलेक्ट्रोड आतल्या कानातल्या शंखाच्या तोंडाशी असतात. तिच्या इम्प्लांटमध्ये एकूण २२. निरोगी कानात ज्या कामाला आवाज टिपणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास केसपेशी असतात, ते या बावीस टोकांवर चालतं. त्यातले तोंडाकडचेच बिघडले असतील तर पुन्हा मुंबई, कदाचित पुन्हा ऑपरेशन. आमच्या ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, प्रोसेसर (तेच कानावरचं मशीन) कॉम्प्युटरला जोडला. एकेक इलेक्ट्रोड तपासला. सगळे ठीक. मॅपिंगही, म्हणजे मशीनमध्ये तिच्यासाठी बसवलेली मापंही, जसंच्या तसं.

मग त्याने मशीनचा माइक इअरफोनवर ऐकला आणि काही न बोलता इअरफोन माझ्याकडे दिला. गोधडीतून कुणी बोलावं तसा आवाज.

माइकवर नखाच्या टोकाएवढी जाळी असते. ती बदलत राहावी लागते, कोकणातल्या पावसाळ्यात तर लवकरच. ती ओलीने आणि धुळीने बुजली की आधी उंच आवाज अडतात. दिवा लागलेला असतो, हाक मारली की मूल बघतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. "रात्री कुठे ठेवता?" विचारलं तर आजी म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात. ओल लागू नये म्हणून." कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी नेमाने केलेलं. तांदूळ ओल फारशी ओढत नाहीत, आणि तांदळाचं पीठ जाळीत बसत गेलं असावं, असा आमचा अंदाज. सुकवायची डबी त्यांच्याकडे होती, पण तिच्यातले सिलिका जेलचे दाणे बदलायचे असतात हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. त्या कुणीमध्ये मीही आले.

नवी जाळी बसवली. डोक्याला चिकटणारी मशीनची कॉइल लावली. चिमीने डोळे मिचकावले आणि छपराकडे बघितलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

ई. "ई." लगेच.

स. मणी डब्यात.

"बाहेर काय पडतोय?" ती थांबली. "पाऊ... स." शेवटचा स अलगद, चाचपून बघितल्यासारखा. आवाजही आपोआप खाली आला होता. तो कमी कर असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

आजी रडत होत्या. "मी हिला फटका दिला हो त्या मिठावरून." मी त्यांचा हात धरून बसले. तेव्हा बोलण्यासारखं काही नव्हतं.

शाळेसाठी चिठ्ठी लिहिली, त्यात 'मुद्दाम नाही' खाली दोन रेघा मारल्या. रोज सकाळी मशीन लावल्यावर सहा आवाज घ्यायचे, असं आजींना शिकवायला बसले. पाच आवाज त्यांनी सुरेख काढले. स काही येईना. पुढचे दात पडलेले, त्यामुळे दर वेळी श होई. चिमी मान हलवून त्यांना दुरुस्त करत होती. शेवटी ठरलं की स तेवढा पाचवीतल्या दादाने म्हणायचा, शाळेला निघण्याआधी, तिच्या पाठीमागे उभं राहून.