आखणीला माणूस मिळेना

पेण तालुक्यात हमरापूर-जोहे भागात घरटी गणपतीचा कारखाना म्हटलं तरी चालेल. आमचा सासऱ्यांच्या वेळचा. ऑर्डरी, हिशेब आणि माणसं सांभाळणं माझ्याकडे. यातली पहिली दोन कामं वहीत मावतात.

२०२५ चा हंगाम मात्र सगळ्यांनाच जड गेला. ३० जानेवारीला, माघी गणपतीच्या तोंडावर, पीओपीवरची बंदी काटेकोर पाळा असं उच्च न्यायालयाने बजावलं. आमचा बहुतेक माल पीओपीचा. व्यापाऱ्यांनी आगाऊ रक्कम देणं थांबवलं, आम्ही साचे झाकून ठेवले. शाडूच्या कामावर सगळ्यांची चूल पेटणार नव्हती. पोरं डोलवीला कंपनीत कंत्राटी कामावर लागली, एक रंगारी पनवेलला घरं रंगवायला गेला. मग ९ जूनला कोर्टाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली. विसर्जनाचा प्रश्न २४ जुलैपर्यंत लटकलेलाच होता, पण फोन लगेच सुरू झाले. चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस अलीकडे. ऑर्डरी परत आल्या, माणसं आली नाहीत.

त्यात जुलै. घासकामाच्या बाया लावणीला गेल्या. "वहिनी, लावणी आटपली की येतेच." त्यांना कुठल्या तोंडाने थांबवणार? आमच्याच घरातली दोघं शेतात होती.

साच्यातून मूर्ती काढायला, पॉलिश पेपर मारायला नवा माणूस चार दिवसांत तयार होतो. अंगाचा रंग कॉम्प्रेसरवर झटपट उडतो. अडतं ते आखणीपाशी, म्हणजे डोळे रेखण्यापाशी. डोळ्यांची रेघ एका दमात यावी लागते. जरा हात हलला की गणपती रागावलेला किंवा झोपाळलेला दिसतो, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा डोळेच बघतं. आमच्याकडे त्या हाताचे एकटे मामा उरले होते. त्यांनाही बाजूच्या गावातून जास्त रोज देतो म्हणून निरोप यायचे. ते मला कळायचं, मला कळलंय हे त्यांना कळायचं, आणि दोघंही चहावर पावसाचं बोलायचो.

जो आला नाही त्याचा राग, जो आलाय त्याच्यावर निघतो. हंगामात माझं निम्मं बळ हा राग गिळण्यात जातं. पोरगा उशिरा आला तरी बोलायची सोय नाही. दुपारी डबा उचलून निघून जाईल. उचल मागितली की द्यायची. वर व्यापाऱ्याचा फोन, "अहो, गेल्या वर्षी एवढ्यात माल पोचला होता!"

शेवटी मामांच्या हातातलं बाकी सगळं काम काढलं. सोवळं, दागिने, मूर्ती उचलणं, काही नाही. सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा फक्त डोळे. पाट ओळीने त्यांच्यासमोर सरकवायचं काम माझ्या कॉलेजातल्या मुलाला दिलं. खडे लावायचं काम बंद केलं. ज्यांना हवेत त्यांनी आपल्या दुकानात लावून घ्यावेत. दमट हवेत रंग सुकेना म्हणून हॅलोजन लावले, तर वीज जायची. नवीन ऑर्डर घेणं थांबवलं. एका जुन्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं, तो अजून धड बोलत नाही. चालायचंच. घेऊन न देण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. घरात सगळ्यांना ते पटलेलं नाही.

माल गेला. शेवटचा टेम्पो हायवेच्या कोंडीत अडकला, पण पोचला. काही मूर्ती न रंगवताच राहिल्या, त्या माळ्यावर चढवल्या.

२०२६ ला अधिक महिन्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तेवढी उसंत आहे. मामांना दिवाळीतच उचल दिली. त्यांनी मूर्तीमागे दर नको, महिन्याचा पगार द्या म्हणून सांगितलंय, पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांचासुद्धा. आकडा मोठा आहे. मी हो म्हणून बसलेय, सासऱ्यांना अजून सांगायचंय.