आमची वाटचाल: जाळ्यांच्या दुकानापासून पिंजऱ्यांपर्यंत

केनियातल्या किसुमूत आमचं दुकान होतं ते जाळ्यांचं आणि दोरखंडांचं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर दुसरं काय खपणार? गिऱ्हाईक सगळं होडीवाल्यांचं. पण वर्षागणिक मागणी बदलत गेली. आधी मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची जाळी, मग बारीक, मग त्याहून बारीक. मोठी मासळी संपत चालली होती, हे आम्हाला सरकारी अहवालाआधी गल्ल्यावर कळत होतं. बंदी असलेली जाळी आम्ही ठेवत नव्हतो, त्यामुळे धंदा आणखी बसला.

2009 मध्ये सरकारने तळ्यांतल्या मत्स्यशेतीची मोठी योजना काढली आणि आम्ही तळ्यांना जाळी पुरवू लागलो. अनुदान आटलं तशी बरीच तळीही आटली. मग सरोवरातच पिंजरे दिसू लागले. दोन मीटर लांब, तेवढीच रुंद लोखंडी चौकट, तरंगायला प्लास्टिकची पिंपं, खाली सोडलेलं जाळं आणि पक्षी टिपून नेऊ नयेत म्हणून वर एक जाळं. जाळ्यांची माहिती आम्हाला होतीच. वेल्डिंगवाला शेजारीच होता. आज आमची मुख्य कमाई या पिंजऱ्यांची. आत सोडतात ती नाईल तिलापियाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. इथले सरोवराकाठचे लुओ लोक या माशाला न्गेगे म्हणतात.

पाणी मात्र एकट्याचं नाही. सरोवराचा 51 टक्के भाग टांझानियाकडे, 43 टक्के युगांडाकडे, केनियाच्या वाट्याला जेमतेम 6. भावकीतल्या सामाईक विहिरीसारखंच हे; एकाने घाण केली की सगळ्यांनी प्यायची. 1994 मध्ये तिन्ही देशांनी मिळून व्हिक्टोरिया सरोवर मत्स्य संघटना स्थापली, तिचं कार्यालय युगांडात जिंजाला आहे. बैठका पुष्कळ होतात. पण आमच्यासारख्याला सहकार्य समजतं ते केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसियाच्या नाक्यावर. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून बोटुकली येते. ट्रक उन्हात अडकला की पिशव्या तापतात आणि मासे पोट वर करून तरंगू लागतात. 2018 मध्ये दोन्ही देशांची तपासणी एका छताखाली आली, तेव्हापासून जीव भांड्यात पडला. माझ्या मते दहा परिषदांपेक्षा तो एक नाका मोलाचा.

खाद्याचं दुखणं अजून आहेच. उत्पादनखर्चातला निम्म्याहून अधिक पैसा त्यातच जातो. खाद्यात घालतात ते ओमेना, म्हणजे सरोवरातले बारीक मासे, आणि गरिबांचं कालवणही त्याचंच. म्हणून आम्ही आता सोयाबीन आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचं खाद्यही ठेवतो. खप हळूहळू वाढतोय. किंमत ऐकून मान हलवणारेही आहेतच.

वारं फिरलं की तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. एका पहाटे एका गिऱ्हाइकाच्या पिंजऱ्यात सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून ‘आ’ करताना पाहिले. मीटरवर लिटरमागे दोन मिलिग्रॅमदेखील ऑक्सिजन नव्हता. दुपारपर्यंत पिंजरा रिकामा करावा लागला. तेव्हापासून पिंजरा विकताना आम्ही आधी पाण्याची खोली मोजतो, उथळ खाडीत टाकायला सरळ नकार देतो, आणि जिंजा, टांझानियातलं म्वांझा आणि केनियातलं होमा बे इथल्या पिंजरेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर रोजची मोजमापं टाकतो. तिलापियाला विषाणूचा आजारही होतो; त्याची खबर सीमेपलीकडून वेळेत आली तर नवं बीज थांबवता येतं.

पुढच्या हंगामात म्वांझाला छोटी शाखा काढायची आहे. परवान्याचे कागद दिलेत, जागाही बघून ठेवलीय. वेल्डिंगवाल्याचा धाकटा तिकडे जायला तयार आहे.