बिघाडांच्या केस-बेसमध्ये साम्य नेमकं कशाचं मोजायचं?

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये (अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काही बिघडलं की ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या, माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, 'हे आधी कधी झालं होतं का?' केस-बेस्ड रीझनिंग हाच प्रश्न नीट बांधून यंत्राला विचारतं: जुना बिघाड आणि त्याचा उपाय मिळून एक 'केस', आणि अशा केसचा साठा म्हणजे केस-बेस. आग्नार आमोट आणि एन्रिक प्लाझा यांनी १९९४ साली त्याचे चार टप्पे मांडले: जुळणारी जुनी केस शोधायची, तिचा उपाय नव्या प्रसंगाला लावायचा, तो लागू पडला का ते तपासून दुरुस्त करायचा आणि मग शिकलेलं साठवायचं. बहुतेकांची मेहनत पहिल्याच टप्प्यावर खर्च होते, आणि तीही शोधाचा वेग वाढवण्यात. कुठल्या गोष्टींवरून साम्य मोजायचं हा खरा प्रश्न तसाच राहतो.

आकडे घेऊन बघू. समजा एका सर्व्हिसकडे डेटाबेसच्या ५० कनेक्शन्सचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेला आणि वाटून वापरायचा साठा, आहे. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन २० मिलिसेकंद धरून ठेवते. लिटलच्या नियमाप्रमाणे (येण्याचा दर गुणिले थांबण्याचा काळ) एका वेळी सरासरी २०० × ०.०२, म्हणजे ४ कनेक्शन्स वापरात असतात. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मंदावली आणि २० ऐवजी ५०० मिलिसेकंद लागायला लागले की गरज १०० वर जाते. पूल भरतो, रांग लागते, टाइमआउट (वेळेत उत्तर न आल्याने रिक्वेस्ट सोडून देणं) सुरू होतात. ही झाली केस 'क'. केस 'ख' मध्ये क्वेरी ठणठणीत आहे, पण कोडमध्ये एरर आली की कनेक्शन पुलाला परत दिलं जात नाही. गळती होत होत पूल भरतो. बाहेरून दोन्ही बिघाड हुबेहूब सारखे दिसतात. उपाय मात्र वेगळे: 'ख' मध्ये रीस्टार्टने तात्पुरता आराम पडतो आणि कोड दुरुस्त करावा लागतो; 'क' मध्ये रीस्टार्ट करून काहीच साधत नाही, क्वेरीकडे किंवा इंडेक्सकडे (डेटाबेसच्या शोध-सूचीकडे) जावं लागतं.

आता नवा प्रसंग आला. लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) नेहमीच्या १६ पट, टाइमआउट २०%, रांगेत ३०० रिक्वेस्ट, पूल १००% भरलेला, आणि उघड्या कनेक्शन्सपैकी ९०% खरोखर क्वेरी चालवतायत. 'क' मध्ये हेच आकडे याच क्रमाने ४ पट, ५%, ५०, १००% आणि ९५% होते. 'ख' मध्ये १६ पट, २०%, ३००, १००% आणि ५%. लेटन्सी लॉग स्केलवर (जिथे प्रत्येक दुप्पट ही एकसारखी पायरी असते) १ ते ६४ पट, टाइमआउट ० ते ५०%, रांग ० ते ५००, बाकी दोन ० ते १००% अशा पट्ट्या धरल्या आणि प्रत्येक बाबीचं साम्य 'एक वजा फरक भागिले पट्टी' असं काढलं, तर 'क' ला ०.६७, ०.७०, ०.५०, १ आणि ०.९५ मिळतात; सरासरी ०.७६. 'ख' ला चार वेळा १ आणि शेवटी ०.१५, सरासरी ०.८३. म्हणजे 'ख' जिंकते, आणि उत्तर साफ चुकतं, कारण ९०% कनेक्शन्स काम करत असताना पूल गळतीमुळे भरलेला असूच शकत नाही.

असं का झालं? लेटन्सी, टाइमआउट आणि रांग हे तिन्ही आकडे बिघाड किती मोठा आहे ते सांगतात. तो कशामुळे झाला याबद्दल ते गप्प असतात. शिवाय तिघं एकमेकांबरोबरच वरखाली होतात, त्यामुळे एकच गोष्ट आपण तीनदा मोजतो. पूल तर दोन्हीकडे भरलेलाच, त्याने निवडीत काडीचा फरक पडत नाही. शेवटच्या बाबीचं वजन ४ आणि बाकीच्यांचं १ केलं की 'क' ०.८३ वर जाते आणि 'ख' ०.५७५ वर घसरते. हे वजन मात्र अंदाजाने लावू नये. कारण सारखं असलेल्या केसच्या जोड्या आणि कारण वेगळं असलेल्या जोड्या अशा दोन ढिगांत ती बाब किती वेगळी वागते ते बघावं. दोन्ही ढिगांत फरक सारखाच पडत असेल, तर त्या बाबीला वजन जवळजवळ नकोच.

अडचण अशी की कारण ओळखायला उपयोगी पडणारी बाब सहसा डॅशबोर्डवर नसते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची अवस्था 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या व्ह्यूमध्ये (तक्त्यात) दिसते: ॲक्टिव्ह (काम चालू), आयडल (रिकामं), आयडल इन ट्रान्झॅक्शन (व्यवहार अर्धवट ठेवून थांबलेलं) वगैरे. गळती असेल तर आयडल आणि आयडल इन ट्रान्झॅक्शन फुगलेल्या दिसतात. पण रीस्टार्ट केलं की ही माहिती पुसली जाते. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी असे स्नॅपशॉट आपोआप घेणारी स्क्रिप्ट हवीच. ती नसेल तर केसमध्ये फक्त तीव्रतेचे आकडे उरतात आणि पुढचा प्रत्येक शोध वरच्यासारखाच फसतो. इन्सिडेंटचा (बिघाडाचा) मजकूर व्हेक्टर डेटाबेसमध्ये (सारखा मजकूर शोधून देणाऱ्या साठ्यात) टाकून काम भागवण्याची आता पद्धत पडली आहे. मला ती अपुरी वाटते. त्यात तिकीट (बिघाडाची नोंद) लिहिणाऱ्याची भाषा जुळते, आणि 'टाइमआउट येतायत' हे तर सगळ्याच तिकिटांत असतं.

दुसरी बाब क्रमाची. आधी काय बिघडलं आणि मागून काय, याला निदानात मोठी किंमत आहे. पण वेगवेगळ्या मशीनवरच्या लॉगचे (नोंदवह्यांचे) टाइमस्टॅम्प लावून हा क्रम ठरवणं धोक्याचं. घड्याळं थोडी तरी पुढेमागे असतातच, आणि कुठली घटना कशाच्या आधी येते हे निरोपांच्या देवाणघेवाणीवरून ठरवावं हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं. ट्रेसिंग (एका रिक्वेस्टचा सर्व्हिसमधला प्रवास नोंदवणं) असेल तर स्पॅनचं, म्हणजे त्या प्रवासातल्या टप्प्यांचं, पालक-मूल नातं वापरावं. फक्त मेट्रिक्स (मोजमापाचे आकडे) असतील आणि ते दर १५ सेकंदांनी गोळा होत असतील, तर १५ सेकंदांपेक्षा जवळच्या दोन घटनांना 'एकाच वेळी' असंच नोंदवावं. खोटा क्रम साठवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

केसमध्ये सर्व्हिसची नावंही घालू नयेत. 'हाक मारणारी', 'हाकेला उत्तर देणारी', 'दोघींचं सामाईक साधन' अशा भूमिका आणि डिपेंडन्सी ग्राफवरचं (कोण कोणावर अवलंबून आहे त्या जाळ्यातलं) अंतर नोंदवावं. नाव बदललं किंवा सर्व्हिसचे दोन तुकडे झाले तरी केस जिवंत राहते.

उपाय लावण्याच्या टप्प्यात सगळ्यात महाग पडते ती आंधळी नक्कल. जुन्या केसमध्ये 'पूल ५० वरून १०० केला, सुटलं' असं लिहिलेलं असतं. आज त्या सर्व्हिसच्या २० प्रती चालतायत, प्रत्येकीचा पूल वेगळा. १०० × २० म्हणजे २००० कनेक्शन्स. पोस्टग्रेसची 'मॅक्स_कनेक्शन्स' ही मर्यादा मुळात १०० असते. ती कुणी वाढवून ५०० केलेली असली तरी नव्या कनेक्शन्सना नकार मिळू लागतात आणि त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या इतर सर्व्हिसही कोसळतात. म्हणून केसमध्ये उपायाचा आकडा एकटा ठेवू नये. तो ज्या सूत्रातून आला ते सूत्र आणि त्यावरच्या मर्यादा ठेवाव्या: रिक्वेस्टचा दर, कनेक्शन धरून ठेवण्याचा काळ, प्रतींची संख्या, डेटाबेसची कमाल. नवे आकडे घालून उत्तर पुन्हा काढायचं.

तपासणीच्या टप्प्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. उपाय केला आणि मग बिघाड थांबला, एवढ्यावर केस साठवली जाते. शक्य असेल तिथे उपाय आधी थोड्याच प्रतींवर करावा. न हात लावलेल्या प्रतीही तितक्याच झपाट्याने सुधारल्या, तर श्रेय त्या उपायाचं धरू नये (सामाईक साधनावरचा ताण उतरल्याने तसं होऊ शकतं, तेही तपासावं). याहून फसवा प्रकार म्हणजे मूळ निमित्त निघून गेल्यावरही बिघाड टिकून राहणं. सर्व्हिसच्या तीन थरांत प्रत्येकी जास्तीत जास्त तीन प्रयत्न असतील, तर वरच्या एका रिक्वेस्टमागे तिन्ही थरांखालच्या डेटाबेसवर २७ पर्यंत हाका जातात. हा भार स्वतःच स्वतःला जागवत राहतो. अशा बिघाडांना २०२१ पासून मेटास्टेबल फेल्युअर म्हणतात. इथे केसमध्ये 'निमित्त' आणि 'टिकवणारं चक्र' असे दोन वेगळे रकाने लागतात, कारण निमित्त दूर करून काही सुटत नाही. रीट्राय (पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न) थांबवावे लागतात किंवा भार कापावा लागतो.

साठवणीबद्दल थोडक्यात. एका मोठ्या बिघाडातून डझनावारी तिकिटं निघतात. ती मिळून केस एकच. जुन्या केस काढताना फक्त 'कितीदा वापरली' हे बघू नये. बॅरी स्मिथ आणि मार्क कीन यांनी १९९५ मध्ये मांडलेला निकष जास्त शहाणपणाचा आहे: ही केस काढली तर जे प्रश्न दुसरी कुठलीच केस सोडवू शकत नाही, असे किती प्रश्न अनुत्तरित राहतील? वर्षातून एकदा लागणारी एकुलती एक केस त्यामुळे वाचते आणि रोजच्या बिघाडाच्या तीस प्रती निघून जातात.

केस-बेस स्वतःच अनेक टीम किंवा डेटा सेंटरमध्ये विखुरलेला असेल, तर प्रत्येक नोडकडून (साठ्याचा एक भाग सांभाळणाऱ्या मशीनकडून) पहिल्या पाच केस मागवून त्यातून एकूण पहिल्या पाच निवडता येतात, आणि त्या अचूक असतात. अट एकच: सगळीकडे पट्ट्या आणि वजनं तीच हवीत. प्रत्येक नोड आपापल्या डेटातला कमाल-किमान आकडा धरून पट्टी ठरवत असेल, तर एकीकडचे ०.८ आणि दुसरीकडचे ०.८ यांची तुलनाच होत नाही. दुरुस्ती करताना केस जागेवर बदलू नये. जुनीकडे बोट दाखवणारी नवी आवृत्ती जोडावी. नुसती भर पडत जाणारा संच कुठल्याही क्रमाने एकत्र केला तरी तोच राहतो, त्यामुळे रेप्लिका (साठ्याच्या प्रती) मागे पडल्या तरी गोंधळ होत नाही.

आणि मोजमाप करताना एक केस बाजूला काढून बाकीच्यांवरून तिचं उत्तर शोधायची नेहमीची चाचणी इथे चालत नाही. एकाच बिघाडाच्या जुळ्या केस मागे राहून गेलेल्या असतात आणि अचूकता फुगते. तारखेची रेघ मारावी, आधीच्या केस साठ्यात आणि नंतरच्या चाचणीत. त्यात 'जुळणारी केस नाही' हे बरोबर उत्तर असलेले प्रसंगही मुद्दाम ठेवावे आणि तिथे सिस्टिम गप्प बसते की नाही ते वेगळं मोजावं.