९३, ८९ की ८३?

स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून फुफ्फुसं तपासण्याचा, आकडा चांगला आला म्हणून एखाद्याचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे. बहुतेक पेशंट गुडघे, कंबर आणि फ्रोझन शोल्डर, त्याबद्दल काय लिहायचं. पण एक पंधरा वर्षांचा मुलगा येतो, सिस्टिक फायब्रोसिसवाला, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साचत राहणारा जन्मजात आजार. लहानपणी टीबी समजून त्याला गोळ्यांचा अख्खा कोर्स दिला होता, या आजारात आपल्याकडे हे इतक्यांदा होतं की आता राग यायचाही कंटाळा आलाय. मग एका डॉक्टरांनी घामाची तपासणी करायला लावली. क्लोराइड ६०च्या वर गेलं की निदान जवळपास पक्कं, याचं शंभरच्या पुढे. घामातून इतकं मीठ जातं की आपल्याकडच्या मे महिन्यात ही मुलं नुसत्या उकाड्याने आडवी होतात, त्यामुळे याच्या दप्तरात मीठसाखरेच्या पाण्याची बाटली कायम असते आणि वर्गातली पोरं ती सरबत समजून संपवतात.

वडील मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना ती प्रसिद्ध गोळी कळली होती, ट्रायकाफ्टा, २०१९ला अमेरिकेत मंजूर झालेली, तिकडची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. ती मुख्यतः एफ५०८डेल नावाच्या जनुकदोषासाठी आणि याच्या रिपोर्टमध्ये आईकडून आणि वडिलांकडून आलेले दोन्ही दोष भलतेच निघाले. म्हणजे तो विषय किमतीच्याही आधीच संपला. म्हणून मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून ट्रायलसाठी फोन आला तेव्हा घरात गणपती आल्यासारखं झालं. नेब्युलायझरमधून घ्यायचं नवीन औषध, निम्म्यांना खरं, निम्म्यांना डमी. वहिनी, म्हणजे मुलाची आई, मला सरळ म्हणाल्या, "डमी मिळालं तरी चालेल ओ, तपासण्या तरी फुकट होतील आणि कोणीतरी दर महिन्याला विचारेल तरी." ट्रायलवाल्यांनी हे वाक्य भिंतीवर लावायला हवं. आपल्याकडे लोक ट्रायलमध्ये औषधासाठी कमी आणि उपचारासाठी जास्त जातात.

अट अशी होती की एफईव्ही वन ४० ते ९० टक्क्यांमध्ये पाहिजे. म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते ती, त्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत. ४०च्या खाली धोका, ९०च्या वर औषधाने सुधारणा दाखवायला जागाच नाही. आजारी पाहिजे पण बेताचा.

जुलैचे दिवस, मासेमारी बंदी ३१ तारखेपर्यंत, म्हणून वडील मोकळे होते. रात्रीच्या गाडीने मुंबईला जायच्या आधी अंदाज घ्यायला म्हणून तिघं माझ्याकडे आले. मुलगा फुंकण्यात तरबेज आहे. नाकाला क्लिप, ओठ घट्ट, मी नेहमीसारखी ओरडतेय "ओढ ओढ ओढ, सोड! अजून, अजून, अजून" आणि तो लाल होईपर्यंत सोडतोय. दोन चांगल्या फुंकी दीडशे मिलीच्या आत जुळाव्या लागतात, याच्या चाळीसच्या आत जुळल्या. २.३६ लिटर. ९३ टक्के.

मला खरंतर नाचावंसं वाटलं. रोज सकाळी लाइट असो नसो (पावसात नसतेच, इन्व्हर्टरवर नेब्युलायझर चालतो) हा पोरगा आधी ३ टक्के सलाइनची वाफ घेतो, मग पेपमध्ये (फुंक थोडी अडवणारं छोटं उपकरण) फुंकतो, मग हफ करून बेडका काढतो. हफ म्हणजे खोकला नव्हे, आरशावर वाफ धरायला करतो तसं 'हाऽऽ', पोटापासून. नव्याण्णव टक्के पेशंट तो घशातून करतात आणि मग म्हणतात फिजिओने काही होत नाही. याला बरोबर जमतो. ते ९३ त्याचे होते आणि थोडे माझे.

वडील खुर्चीत मागे टेकले. "मंग नाय घेनार त्याला?" आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मॅडम, उद्याच्याला ती वाफ नि ते फुकनं नाय केलं तं?"

मी नाही म्हटलं. कारण सांगायला सोपं होतं, मागच्या चार आठवड्यांत फिजिओत बदल नको असं त्यांच्याच अटींत लिहिलेलं. पण मला त्या माणसावर चिडता येईना. मुलानेच विषय संपवला, "बाबा, एक दिवस चुकलं तरी मला रात्री झोप लागत नाही. मी करणार."

मग मला सेटिंग आठवली. टक्केवारी काढायला मशीनला तुलनेची माणसं लागतात आणि ती एका ड्रॉपडाउनमधून निवडायची असतात. माझं मशीन भारतीय समीकरणावर होतं. जीएलआय २०१२ ही आंतरराष्ट्रीय समीकरणं निवडून 'इतर' केलं, ८९. त्यातच 'कॉकेशियन', म्हणजे गोरे, केलं, ८३. फुंक तीच, लिटर तेच. जीएलआय २०१२च्या यादीत आपल्यासाठी वेगळा रकानाच नाही, आपण सगळे 'इतर'. ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला फोन लावला, बिचारी बाई भली होती, म्हणाली प्रोटोकॉलमध्ये जीएलआय आहे, इतरच निवडतो, फक्त सालब्युटामॉल, ते श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, टेस्टच्या आधीचे चार तास घेऊ नका. ८९. वहिनींनी तिथेच हात जोडले, मशीनला.

वडिलांनी मात्र विचारलं, "मंग खरा कोनता?" खरे २.३६ लिटर, बाकी तुलना, असं मी सांगितलं. उत्तर बरोबर आहे. पण तिथे ९१ आले असते तर याच उत्तराने त्या घराला काय मिळालं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

मुंबईत ८८ आले. घेतलं त्याला. अठराच्या आतला, म्हणून सहमतीचं व्हिडिओ शूटिंग झालं, आईवडिलांच्या सह्या आणि त्याची स्वतःची वेगळी. डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोर विचारलं, तुला डमी मिळू शकतं, कळलं ना? तर हा म्हणाला, "हो, नुसतं मीठपाणी. ते मी घरी घेतोच, पण तुमचं कमी खारट असणार." सगळे हसले म्हणे, आणि शूटिंग तसंच ठेवलं.

वडिलांनीही तिथे एक प्रश्न विचारला होता, ट्रायल संपल्यावर औषधाचं काय. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९च्या सरकारी नियमांत त्याची तरतूद आहे, पण डॉक्टरांची शिफारस, एथिक्स कमिटीची मंजुरी, दुसरा उपाय नसणं, अशा पायऱ्या आहेत. कोऑर्डिनेटरने ते सगळं नीट समजावलं, अर्धा तास दिला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"नाय म्हनाली," वडील म्हणाले, "पन लय चांगल्या शब्दांत."