तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवी काढून टाकू का?

"ताई, तुमी पिशवी काढली न, मंग आता बरं हाये न? मी बी काढूनच टाकू काय व?"

पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि हा प्रश्न मला माप घेताना येतो. मी शिवणकाम करते, दारव्हा तालुक्यातलं गाव, आणि ब्लाउजचं माप घेताना दार लावलेलं असतं, आत आम्ही दोघीच, तेव्हा बाई हळूच विचारते. बचत गटाच्या मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही, तिथे हप्ता आणि व्याज एवढंच. दर वेळी मी अर्धवट सांगते कारण बाहेर दुसरी बाई बसलेली असते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

काढावी की नाही हे मी सांगू शकत नाही, ते तुमचे रिपोर्ट आणि तुमची डॉक्टर. पण दवाखान्यात जाऊन एक गोष्ट नक्की विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही: माझ्या ओव्हरी, म्हणजे अंडाशय, ठेवणार का काढणार, आणि काढणार तर का? कारण बाया घाबरतात पिशवी काढायला, आणि खरा फरक पडतो तो ओव्हरीने.

माझं वय तेव्हा ३९. पिशवीत गाठी होत्या, फायब्रॉइड म्हणतात त्याला, कॅन्सरच्या नसतात त्या, पण पाळी म्हणजे नळ उघडा राहिल्यासारखी. हिमोग्लोबिन ६ वर आलं, रक्त चढवलं, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, थांबेचना. त्यामुळे माझं ऑपरेशन गरजेचं होतं आणि पिशवी गेल्याचं मला काहीच वाईट वाटत नाही, उलट पहिल्यांदा निवांत झोपले असं म्हणा. पण एका ओव्हरीवर सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, होती, दुसरी चांगली होती, आणि दोन्ही काढल्या. सही होती आमची, माझी पण आणि ह्यांची पण, पण कागद इंग्रजीत आणि मी सलाईन लावून पडलेली. नंतर दवाखान्यात विचारलं तर म्हणे दोन पोरं झाली न, आता तिचं काय काम.

काम असतं न बाप्पा तिचं! पिशवीचं काम पाळी आणि लेकरू, बस. ओव्हरी इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बनवते आणि त्याच्यावर हाडं, झोप, कातडी, लघवीची जागा, डोकं, हृदय सगळं चालतं. नुसती पिशवी काढली आणि ओव्हरी ठेवल्या तर पाळी बंद होते पण हार्मोन चालू राहतात, मेनोपॉज, म्हणजे ओव्हरीचं काम थांबून पाळी कायमची जायचा काळ, आपल्या वेळेला येतो, काहींना दोन-चार वर्षं आधी. दोन्ही ओव्हरी गेल्या की मात्र त्याच दिवशी मेनोपॉज. आपल्याकडच्या बायांची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, आणि तीही हळूहळू, शरीराला सवय करायला काही वर्षं मिळतात. ४५ च्या आधी गेली तर लवकर गेली म्हणतात, ४० च्या आधी तर फारच लवकर. मला ती सवय करायला वेळच मिळाला नाही, गुंगीतून उठले आणि मेनोपॉज आलेला होता.

हे मला दवाखान्यात कोणी सांगितलं नाही. भाची बीएस्सी नर्सिंग करते, तिने सुट्टीत आल्यावर डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि म्हणाली मावशी इथे टीएएच आणि बीएसओ लिहिलंय. टीएएच म्हणजे पोट उघडून पूर्ण पिशवी, तोंडासकट. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि ओव्हरी. तुमचं ऑपरेशन आधीच झालं असेल तर आजच पेटीतून ते कार्ड काढा आणि कोणाकडून तरी वाचून घ्या, कितीतरी जणींना माहीतच नाही की त्यांचं नेमकं काय काढलंय. ज्यांचं पिशवीचं तोंड ठेवलंय त्यांनी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी पुढेही करत राहायची असते, पिशवी गेली म्हणून सुटलो असं नाही.

आता वाफा, म्हणजे अंगातून एकदम गरम झळा येतात त्या. माझं ऑपरेशन मार्चमध्ये आणि पुढे आपला यवतमाळचा एप्रिल-मे, पारा ४४-४५, त्यामुळे मला काय आणि बाकीच्यांना काय, सगळेच घामाने भिजलेले, मला वाटलं ऊन आहे. कूलरसमोर बसून पण छातीतून आग वर चढायची, मान, कान, तोंड लाल, दोन-तीन मिनिटं, आणि मग थंडी. खरं कळलं हिवाळ्यात. सगळे शेकोटीला बसलेत, गुडघे पोटाशी घेऊन, आणि मी स्वेटर काढून बाहेर ओट्यावर. सासूबाई म्हणाल्या, "हिले थंडी कावून वाजत नाई व?" रात्री चादर ओली, झोप तुटलेली, आणि सकाळी चिडचिड. बोटांचे सांधे दुखायचे, माप घेतलं की वहीत लिहीपर्यंत आकडा डोक्यातून जायचा. आणि रडू. टीव्हीवर जाहिरात लागली तरी रडू. आमचे हे बिचारे विचारायचे काय झालं, आता काय सांगायचं, तेलाची जाहिरात होती.

जवस खा, वाफा जातात असं मला खूप जणींनी सांगितलं. अवो आमच्याकडे जवसाची चटणी बारा महिने असते, तरी आल्याच न. खा, चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. मला जास्त उपयोग झाला तो संध्याकाळनंतर चहा बंद केल्याने, सुती कपड्यांनी, आणि शेवटी हार्मोनने.

हार्मोनचं नाव काढलं की बाया दचकतात, कॅन्सर होतो म्हणतात. मी पण घाबरले होते. वर्ध्याकडे ज्या डॉक्टर मॅडमला दाखवलं त्यांनी मला शांतपणे समजावलं, घाईत नाही, बाहेर रांग असताना. ती भीती आली कुठून, तर २००२ साली अमेरिकेतला हार्मोनच्या गोळ्यांचा एक मोठा अभ्यास मधेच थांबवला होता, त्याच्या बातम्या जगभर गेल्या. पण त्यात ५० ते ७९ वयाच्या बाया होत्या, आणि जो भाग थांबवला त्यातल्या बायांना पिशवी होती आणि त्यांना दोन हार्मोनची एकत्र गोळी दिली होती. चाळिशीच्या आत ओव्हरी गेलेल्या बाईचं गणित वेगळं आहे, तिला तर शरीरात जे असायलाच पाहिजे होतं तेच परत द्यायचंय, आणि ते साधारण नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास. पिशवी नसेल तर बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, दुसरं हार्मोन पिशवीच्या अस्तराच्या रक्षणासाठी असतं, अस्तरच नाही तर कशाला. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला, पायात रक्ताची गाठ झाली होती, लकवा झाला होता, लिव्हरचा आजार आहे, त्यांना हे चालत नाही किंवा फार विचार करून देतात. म्हणून मेडिकलवाल्या दादाला विचारून घेऊ नका, बीपी तपासून, छाती तपासून डॉक्टरकडूनच घ्या. मी जेल लावते दंडाला. महिन्याभरात वाफा कमी झाल्या, झोप लागायला लागली, आणि सासूबाई म्हणाल्या आता तू माणसात आली.

हाडांचं मात्र दिसत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. इस्ट्रोजेन गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात आणि आपल्याला कळतं तेव्हा मनगट मोडलेलं असतं. हाडांची घनता बघायला डेक्सा नावाचा स्कॅन असतो, तो मोठ्या शहरातच मिळतो, नागपूरला जाणं होत असेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा हे आपल्या घरातलंच, आणि डी व्हिटॅमिन. दिवसभर उन्हात कापसाची वेचणी करणाऱ्या बाईला डी कसं कमी असेल असं मला वाटायचं, पण डोक्यापासून पायापर्यंत झाकून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जातो न आपण, तपासलं तर कमीच निघालं. आणि चालणं. शेतात वाकून काम करणं वेगळं आणि चालणं वेगळं, असं मॅडम म्हणाल्या, मला ते पटायला वेळ लागला.

ऑपरेशननंतरचं सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात घरात. वरचे टाके पंधरा दिवसांत सुकलेले दिसतात आणि घरच्यांना वाटतं झालं. पण आत थर असतात, पोटाचा जाड पडदा शिवलेला असतो, आणि खाली पिशवी होती तिथे टाके असतात, त्यांना सहा ते आठ आठवडे लागतात, पोट उघडून केलं असेल तर जास्तच समजा. दुर्बिणीने किंवा खालून केलं तर बाई लवकर उठते, पण आतले टाके तेवढेच कच्चे. पाण्याने भरलेला गुंड १०-१५ किलोचा असतो, आणि तुम्हाला चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाहीये. म्हणजे गुंड नाही, गॅसची टाकी नाही, कापसाचं गाठोडं नाही, आणि तीन वर्षांचं पोरगं पण नाही, त्याला खाली बसून कुशीत घ्यायचं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, पाणी मुलाने भरलं, तो तेव्हा दहावीत होता, मित्र हसले, त्याने भरलं. सासूबाई पहिल्या महिन्यात म्हणायच्या आम्ही बाळंतपणात सव्वा महिन्यात निंदायला जात होतो. मी काही बोलले नाही, भाचीने त्यांना हर्नियाचा, म्हणजे टाक्यांतून आतडं फुगून वर येतं त्याचा, फोटो दाखवला मोबाईलवर, त्यानंतर त्याच मला उठू देईनात.

तसं पडूनही राहायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, पायात रक्त गोठू नये म्हणून. खोकला किंवा शिंक आली की पोटाशी उशी घट्ट धरायची. संडासला जोर करायचा नाही, म्हणून पाणी, पपई, डॉक्टर देतात ते पातळ औषध, लाजायचं नाही मागायला. आपलं खाली बसायचं संडास पहिले काही आठवडे फार जड जातं, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, आम्ही दारव्ह्याहून आणली होती. माझी पायाची मशीन होती, ती दोन महिने बंद, मग मोटर बसवून घेतली. ताप आला, घाण वास येतो, पाळीसारखं लाल रक्त सुरू झालं, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, श्वास लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी करायची.

आणि जो प्रश्न सगळ्यात हळू आवाजात येतो. नवऱ्याचं काय? पहिले सहा ते आठ आठवडे नाहीच, डॉक्टरने तपासून हो म्हटल्यावरच. नंतर ज्यांच्या ओव्हरी गेल्यात त्यांना तिथे कोरडं पडतं, जळजळतं, लघवीला पण आग होते, आणि बाई गप्प सहन करते, नवरा समजतो हिचं मन उडालं. मन उडालेलं नसतं, कातडी पातळ झालेली असते. त्याच्यासाठी आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, साधी जेली पण मिळते मेडिकलमध्ये, खोबरेल तेल लावून भागवणाऱ्या पण आहेत, पण कंडोम वापरत असाल तर तेल नको, फाटतो तो. मी आमच्या ह्यांना मॅडमसमोर बसवलं. मला सांगता आलं नसतं, मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं, ते फक्त मान हलवत होते, पण समजलं त्यांना. पोटात पोकळी राहते, बाई अर्धी होते, हे सगळं ऐकून ते पण घाबरलेले होते, विचारणार कोणाला? पोकळी वगैरे राहत नाही, आतडी सरकून जागा भरतात.

आता ज्यांना काढायची नाही पण कोणीतरी काढा म्हटलंय त्यांच्यासाठी. गेल्या महिन्यात एक आली, वय ३१, अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखते, तिला सांगितलं पिशवी खराब झाली, नाही काढली तर कॅन्सर होईल. या एका वाक्यावर गावंच्या गावं ऑपरेशनला गेलीत. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये किती गाजलं होतं, सरकारने चौकशी समिती नेमली. आपल्याकडे ऊस कमी, कापूस आहे, पण मजुरी बुडू नये म्हणून पाळीच नको हा विचार इथे पण आहे, मी कशाला लपवू. गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांवर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राज्यांना केंद्राचे नियम लागू करायला सांगितलेत.

पांढरं जाणं बहुतेक वेळा साधंच असतं, नाहीतर इन्फेक्शन असतं आणि ते औषधाने जातं, कधी कधी नवऱ्याने पण घ्यावं लागतं. कंबर दुखायला शंभर कारणं. जास्त रक्त जात असेल तर रक्त कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे जी पिशवीत बसवतात आणि पाच वर्षं तरी चालते, नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते. कॅन्सरची भीती असेल तर ती तपासता येते, नुसती ऐकायची नसते. तिशीच्या पुढच्या बायांची पिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात करतात, व्हिनेगरसारखं पाणी लावून बघतात, दुखत नाही. आशा ताईला विचारा आपल्या आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी असते.

त्या ३१ वाल्या बाईला मी म्हटलं दुसऱ्या डॉक्टरला दाखव, मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. ती म्हणाली वेचणी झाल्यावर जाते. जाताना सोनोग्राफीची फिल्म आणि सगळे रिपोर्ट न्या, मोबाईलमधला फोटो दाखवला तर परत सोनोग्राफी करायला लावतात. सकाळी लवकर निघा, ओपीडीचा कागद दुपारनंतर निघत नाही. आणि सोबत कोणी बोलणारं माणूस न्या, माझ्या भाचीसारखं.