दहा क्रमांकाची पंधरा सेकंदे

माध्यमिक वर्गांतील गणिताच्या तासांना शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नेमके काय घडते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. निरीक्षणासाठी मी शिक्षणसंशोधक फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती निवडली होती. या पद्धतीत निरीक्षक दर 3 सेकंदांनी एक आकडा लिहितो. 1 ते 7 हे शिक्षकाच्या बोलण्याचे प्रकार, 8 आणि 9 विद्यार्थ्याच्या बोलण्याचे, आणि 10 म्हणजे शांतता किंवा गोंधळ. 40 मिनिटांच्या तासाचे 800 आकडे होतात. कानातल्या ठोक्यावर ते लिहिता लिहिता बोटे आखडतात, आणि काही आठवड्यांनी तर समोरचे वाक्य पुरते ऐकण्याआधीच त्याचा क्रमांक कागदावर उतरलेला असतो. त्या सफाईचा मला थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी नववीच्या वर्गात समीकरणे चालू होती. बाईंनी उदाहरण सांगितले: एका शाळेत शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, विद्यार्थी क्ष आणि शिक्षक य मानून समीकरण लिहा. हा प्रश्न गणितशिक्षणाच्या संशोधनात चांगलाच परिचयाचा आहे. जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या सुमारास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो विचारला होता, आणि त्यांतल्या सुमारे 37 टक्के जणांचे उत्तर चुकले होते; चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समीकरण उलटे, म्हणजे 6क्ष = य असे लिहिले होते. मराठीत ‘शिक्षकांच्या’ या षष्ठीमुळे वाट थोडी सोपी व्हायला हवी, असे मला वाटत असे. पण ‘सहापट विद्यार्थी’ हे शब्द शेजारी शेजारी येतात आणि डोळा तिथेच अडकतो.

दुसऱ्या बाकावरच्या मुलाने क्षणात उत्तर दिले, ‘क्ष बरोबर सहा य.’ बाई ‘शाब्बास’ म्हणाल्या. मी 4, 8, 2 असे लिहिले, म्हणजे शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर, शिक्षकाचे कौतुक. बाई उत्तर फळ्यावर लिहायला वळल्या आणि खडू मोडून टेबलाखाली गेला. तो शोधण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात माझ्या कागदावर ओळीने पाच वेळा 10 आले.

ती पंधरा सेकंदे मी कागदाकडे न पाहता शेजारी पाहिले, हा निव्वळ योगायोग. माझ्याच बाकावर बसलेल्या मुलीच्या वहीत 6क्ष = य असे लिहिलेले होते. बरोबर उत्तर तिने नुकतेच ऐकले होते, पण ते उतरवून घेतले नव्हते. तिने समीकरणाखाली ‘शिक्षक 2, विद्यार्थी 12’ असे मांडले, किमती घातल्या आणि 72 = 2 अशी ओळ लिहिली. त्या ओळीकडे ती काही वेळ बघत राहिली. मग तिने 72 भोवती गोल काढला, वरचे समीकरण एका रेघेने खोडले आणि त्याखाली क्ष = 6य लिहिले. तोवर खडू सापडला होता.

तास संपल्यावर मुलाखतीत मी त्या मुलाला उत्तर कसे सुचले ते विचारले. तो मोकळेपणाने म्हणाला, ‘मॅडम, यात युक्ती असते. आकडा ज्याच्या शेजारी दिसतो त्याला द्यायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा.’ मी त्याला नवे उदाहरण दिले: मुलींच्या संख्येला तीनने गुणले की मुलग्यांची संख्या मिळते, मुलगे क्ष, मुली य. त्याने तितक्याच झटपट 3क्ष = य असे लिहून दाखवले.

माझ्यासोबत दुसरी निरीक्षक होती. संध्याकाळी आम्ही दोघींच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्या चांगल्याच जुळल्या. नोंदींची विश्वसनीयता उत्तम होती, आणि त्या मुलाच्या 8 मध्ये काय होते ते दोघींनाही कळले नव्हते. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ती वेळ 3 सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारी होतात. माझे मोजमाप मुळी 3 सेकंदांचे होते. एका सेकंदाचा विराम त्यातून निसटत होता, आणि खडू मोडल्यामुळे मिळालेल्या विरामाला माझ्या पद्धतीत ‘शांतता किंवा गोंधळ’ यापलीकडे नाव नव्हते.

वहीच्या त्या पानाचे छायाचित्र घ्यावे म्हणून मी त्या मुलीला गाठले. ती संकोचून म्हणाली, ‘यात खोडलंय, मॅडम. मी नीट लिहून देऊ का?’ मी तिला हेच पान हवे आहे असे सांगत असतानाच लक्षात आले की तिच्या पालकांचे संमतिपत्र माझ्याकडे नाही. मुलाखतींसाठी मी मुले निवडली होती ती 8 आणि 9 या नोंदींवरून, म्हणजे बोलणारी. ही मुलगी आधीच्या चार तासांत एकदाही बोलली नव्हती. त्यामुळे वही तशीच परत दिली.

पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांच्या परवानगीने मी मुलाखतींची यादी बदलली आणि संमतिपत्रे सगळ्या वर्गाला वाटली. त्या मुलीच्या वहीचे ते पान मात्र प्रबंधात गेलेले नाही. या पद्धतीत लागोपाठच्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या 10 × 10 च्या सारणीत मोजतात; त्या तासाच्या सारणीत शेवटच्या चौकटीत 4 हा आकडा आहे, कारण ओळीने आलेल्या पाच दहांच्या जोड्या चारच होतात.